गोझोचं दगडी घर आणि वीस लिटरचा डीह्युमिडिफायर: तीन हिवाळ्यांचा अनुभव

लग्नातली पैठणी कपाटातून काढली तेव्हा पदरावरच्या मोरांवर राखाडी ठिपके होते. डिसेंबरचा पहिला आठवडा. गोझोत, म्हणजे माल्टा देशातल्या छोट्या बेटावर, राहायला येऊन आम्हाला जेमतेम दहा आठवडे झाले होते. साडी मलमलच्या फडक्यात गुंडाळून, वेखंडाची पुरचुंडी घालून, आईने शिकवलं तशीच ठेवली होती. खालच्या फळीवर नवऱ्याचं चामडी पाकीट हिरवट पडलं होतं आणि कोल्हापुरी चपलांच्या पट्ट्यांवर पांढरी लव आली होती. त्याच दुपारी बसने राबातला, म्हणजे गोझोच्या मुख्य शहरात, गेलो आणि संध्याकाळी डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून काढणारं यंत्र, घेऊन टॅक्सीने घरी परतलो.

आता त्या यंत्राचा तिसरा हिवाळा चालू आहे. माल्टा किंवा गोझोला यायचं ठरवलेली मराठी जोडपी फोनवर पहिल्यांदा घरभाड्याचं विचारतात, मग इथे तूरडाळ मिळते का ते विचारतात, आणि इथला पहिला नोव्हेंबर काढला की न चुकता हा प्रश्न येतो: ते पाणी काढायचं मशीन घ्यावं का आणि कसलं घ्यावं? प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी घराबद्दल सांगायला हवं, कारण घर समजल्याशिवाय या यंत्राला बरं-वाईट म्हणण्यात अर्थ नाही. आम्ही शारा गावात राहतो. घर शंभरेक वर्षांचं असावं. भिंती दोन हात जाड, छताला 'शोरोक' म्हणतात ते दगडाचे लांब पाट, खाली रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या, वर जायला दगडी गोल जिना. उन्हाळ्यात बाहेर ३५ अंश असताना आत पाऊल टाकलं की जीव निवतो. घर बघायला आलो ते ऑगस्टमध्ये. त्या गारव्यावरच भाळून आम्ही होकार दिला.

भिंतींचा दगड म्हणजे इथली मधाच्या रंगाची मऊ चुनखडी, 'फ्रांका'. करवतीने कापता येतो इतका मऊ, आणि तितकाच सच्छिद्र. आमच्याच गावात जगांतियाची मंदिरं आहेत, साडेपाच हजार वर्षांपूर्वीची. त्यांच्या बाहेरच्या भिंतींना कठीण प्रवाळी चुनखडी वापरली आहे आणि दारांच्या चौकटी, वेदी अशा आतल्या कामाला हा मऊ दगड. पावसा-वाऱ्यात कुठला दगड टिकतो हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं. आमच्या घराला मात्र आतबाहेर फ्रांकाच आहे, आणि जुन्या बांधकामात पायाशी ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी दगडातून वर चढतं, येताना क्षार घेऊन येतं, आणि गुडघाभर उंचीपर्यंत भिंतीला लोणा लागतो. हात फिरवला की पीठ हाताला येतं. त्यात भर म्हणजे घराखाली पावसाच्या पाण्याचा हौद आहे. त्याला 'बीर' म्हणतात आणि बहुतेक जुन्या घरांखाली तो असतोच. म्हणजे आम्ही राहतो ते पाण्याच्या टाकीवर, स्पंजाच्या भिंतींमध्ये.

मी कोकणातली आहे. दमट हवा मला नवीन नाही, त्यामुळे सुरुवातीला मी निर्धास्त होते. इथे वर्षाचा पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, आमच्याकडे एका आषाढात त्याहून जास्त पडतो. पण आमच्याकडची ओल उबदार असते. कौलांतून, वाश्यांच्या फटींतून घर श्वास घेतं, आणि पावसाळ्याआधी पापड-मसाले डब्यांत बंद करून माणूस तयारीत बसलेलं असतं. इथे पाऊस थंडीत पडतो, ऑक्टोबर ते मार्च. अख्खं बेट १४ किलोमीटर लांब आणि ७ रुंद, त्यामुळे कुठेही उभे राहा, समुद्र तीन-चार किलोमीटरच्या आतच. जानेवारीत बाहेरचं तापमान १० ते १५ अंश, ऐकायला काहीच नाही. पण घरात शेगडी नाही, हीटिंगचे नळ नाहीत, आणि दगड एकदा गार झाला की मार्चपर्यंत गारच राहतो. रात्री अंथरुणात शिरलं की गादी ओली लागते. ओली नसते, पण लागते. मिठाला पाणी सुटतं, गोड्या मसाल्याचा गोळा होतो, पोहे वातड होतात, पुस्तकांची पानं कुरळी होतात.

मशीन घेण्याआधीच्या दहा आठवड्यांत आम्ही तीन उपाय करून पाहिले. तेही सांगते, कारण नवीन आलेला प्रत्येकजण त्याच तीन दारांतून जातो.

पहिला उपाय कपाटात ठेवायच्या डब्यांचा. कॅल्शियम क्लोराईडचे पांढरे खडे असतात, ते हवेतलं पाणी ओढतात आणि खालच्या कप्प्यात पाणी साठतं. इथल्या प्रत्येक किराणा दुकानात मिळतात. बंद कपाटात त्यांचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण तीन आठवड्यांत एक पेलाभर पाणी जमलं, आणि घराची भूक बादल्यांची होती. शिवाय ते पाणी साधं नसतं, दाट खारं असतं. एक डबा माझ्या हातून कलंडला आणि चामड्याच्या पट्ट्यावर सांडला. तो पट्टा पुन्हा कधी मऊ झाला नाही.

दुसरा उपाय रंगाचा. घर ताब्यात घेताना आधीच्या भाडेकरूने लावलेला प्लॅस्टिक पेंट निघत होता, तर त्यावर आणखी एक हात मारू असं आम्ही ठरवलं. घरमालकीणबाई शेजारच्याच घरात राहतात, वय पंचाहत्तरच्या पुढे, आम्ही त्यांना सिन्युरा म्हणतो. रंगाचा डबा बघून त्या भिंतीवर तळहात ठेवून म्हणाल्या, "उमदिता, उमदिता." म्हणजे दमटपणा. मग मोडक्या इंग्रजीत समजावलं की या दगडाला चुना हवा, त्याला श्वास घेऊ द्या. वरून प्लॅस्टिक लावलं की आतलं पाणी अडतं आणि रंगाला ढकलून बाहेर येतं. आम्ही बैठकीच्या एका भिंतीवर तरी रंग लावला. चोविसाव्या दिवशी पोपडे आले. आता दोन्ही खोल्यांना चुना आहे आणि दर सप्टेंबरला सिन्युरा स्वतः येऊन बघून जातात.

तिसरा उपाय गॅसच्या हीटरचा, आणि हा सगळ्यात फसवा. पोटात सिलिंडर ठेवायचा चाकांचा हीटर इथे घरोघरी असतो. सिलिंडरचा ट्रक ठरलेल्या दिवशी गल्लीत येतो, रिकामा द्या, भरलेला घ्या. पाच मिनिटांत खोली गरम होते, म्हणून आम्ही खूश. खिडकीच्या काचेवरून पाणी का ओघळतंय ते कळेना. नवरा हिशेबनीस आहे, आकडे जुळेपर्यंत त्याला झोप येत नाही. एका रात्री त्याने कागदावर मांडलं: एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. १२ किलोचा एक सिलिंडर म्हणजे साधारण १९ लिटर पाणी. ते आम्ही पैसे देऊन, ट्रकमधून उतरवून, आमच्याच बंद खोलीत सोडत होतो. दुसऱ्या दिवशी हीटर सिन्युरांच्या गोदामात गेला. आता गारठा असह्य झाला की तासभर एसी गरमवर लावतो. त्याने हवेत पाणी पडत नाही.

आता यंत्राकडे येते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आम्ही घेतलं तेव्हा दुकानात तीन वेगळ्या नावांची यंत्रं होती, आणि झाकण, टाकी, बटणं इतकी सारखी की नावावरून निवडण्यात अर्थ नव्हता. आमचं कॉम्प्रेसरवालं आहे, खोक्यावर 'दिवसाला २० लिटर' लिहिलेलं, टाकी साडेचार लिटरची, वजन १५ किलो, किंमत २१९ युरो. सोबत ९ युरोचा एक छोटा हायग्रोमीटर घेतला, हवेतली आर्द्रता दाखवणारा. त्या दिवसाची सगळ्यात शहाणपणाची खरेदी तो ९ युरोचा तुकडा होता. त्याच्याशिवाय सगळं अंदाजपंचे.

'२० लिटर' हा आकडा नीट समजून घ्या. तो ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरून मोजलेला असतो. गोझोच्या जानेवारीत, १३-१४ अंशांच्या खोलीत, तुम्हाला त्याच्या निम्मंही पाणी मिळणार नाही. यात फसवणूक नाही, मोजायची पद्धतच तशी आहे. पण म्हणूनच 'दोघांना १० लिटरचं पुरे' असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नका. माणसं किती हे महत्त्वाचं नाही, भिंती किती हे महत्त्वाचं.

पहिल्या रात्री निजायच्या खोलीत लावलं तेव्हा हायग्रोमीटर ८४ दाखवत होता. दारं-खिडक्या बंद केल्या. सकाळी ६२ वर होता आणि टाकी भरून यंत्र आपोआप थांबलं होतं. साडेचार लिटर. मी टाकी दोन्ही हातांनी उचलून न्हाणीत नेली आणि ओतायच्या आधी नवऱ्याला हाक मारली, "अरे, बघ तरी हे!" दोघं तिथेच उभे राहून बघत बसलो. एवढं पाणी आमच्या उशांत, पांघरुणांत, श्वासात होतं. तिसऱ्या रात्री गादी कोरडी लागली. आठवड्याने नवऱ्याच्या सकाळच्या शिंका कमी झाल्या. धुळीतले सूक्ष्म किडे दमट हवेत वाढतात, आर्द्रता ५०च्या आसपास आली की त्यांची वाढ खुंटते, त्यामुळे हे नुसतं मनाचं समाधान नाही असं मला वाटतं.

पण घराला एक महिना लागला. हवा एका रात्रीत कोरडी होते, दगड नाही होत. दोन-तीन तास बंद ठेवलं की आकडा पुन्हा ७५वर, कारण भिंत आत धरलेलं पाणी परत हवेत सोडत राहते. पहिले चार आठवडे आम्ही जवळजवळ दिवसरात्र चालवलं. त्यानंतर रात्रीचे आठ तास पुरू लागले. पहिल्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून यंत्र परत करणारी दोन जोडपी मला माहीत आहेत. थोडं थांबायला हवं होतं त्यांनी.

आणि मग वारे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, सिन्युरांना बघून शिकले. त्या रोज सकाळी गच्चीवर जातात आणि वारा कुठून येतोय ते बघूनच खिडक्यांचं ठरवतात. इथे प्रत्येक वाऱ्याला नाव आहे. वायव्येकडून येतो तो मय्यिस्त्राल: गार, स्वच्छ, त्यातल्या त्यात कोरडा. ईशान्येचा ग्रिगाल, जो आला की समुद्र खवळतो आणि नवऱ्याची राजधानी वॅलेटाला जाणारी वेगवान बोट बंद राहते, मग इमजार बंदरातून मोठ्या फेरीने मुख्य बेटावरच्या चिरकेव्वाला जाऊन पुढे बस. आणि आग्नेयेचा तो श्लोक. खरंच असाच उच्चार आहे, श्लोक. पहिल्यांदा सिन्युरांच्या तोंडून ऐकला तेव्हा मला क्षणभर घरी असल्यासारखं वाटलं. युरोपात इतरत्र त्याला सिरोको म्हणतात. सहारातून निघतो तेव्हा तो कोरडा असतो, समुद्रावरून येताना पाणी पिऊन जड होतो, आणि सोबत लाल धूळ आणतो.

श्लोक सुटला की बाहेर उबदार वाटतं आणि अननुभवी माणूस काय करतो, तर खिडक्या उघडतो, घर जरा गरम होऊ दे म्हणून. आम्हीही तेच केलं. ती गरम ओली हवा आत येऊन गार लादीवर टेकली आणि अर्ध्या तासात लादीवर बोटाने नाव काढता येईल इतकं पाणी. भिंतींना घाम फुटला. त्या दिवशी यंत्र संध्याकाळपर्यंत अखंड चाललं आणि आर्द्रता जागची हलली नाही, कारण आम्ही समुद्रच आत घेतला होता. आता नेम साधा आहे. मय्यिस्त्राल असेल तर दुपारी बारा ते तीन समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या आणि यंत्र बंद. श्लोक असेल तर सगळं बंद, बाहेरचे लाकडी पडदेसुद्धा, आणि यंत्र चालू. वाऱ्याचा अंदाज विमानतळाच्या हवामान खात्याकडून रोज मिळतो. मी सकाळी चहा ठेवताना तापमान बघत नाही, वाऱ्याची दिशा बघते.

विजेच्या खर्चाची भीती सगळ्यांनाच असते. आमच्या यंत्राला प्लगच्या मीटरवर सरासरी ३२० वॅट लागतात. आठ तासांचे झाले अडीच युनिटांच्या वर. रहिवासी दराने पहिली २,००० युनिट साडेदहा सेंटच्या आसपास पडतात, म्हणजे रात्रीचे २७ सेंट, महिन्याचे ८ युरो. नोव्हेंबर ते एप्रिल धरला तरी ५० युरोंच्या आत. माझी एक पैठणी स्वच्छ करून आणायला यापेक्षा जास्त गेले.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगते. बिलावर 'रहिवासी' दर लागलाय की 'घरगुती', आणि घरात किती माणसं नोंदवली आहेत, हे भाडेकरार करतानाच बघा. घरगुती दर महाग असतो. माणसी सवलतही फक्त रहिवासी खात्याला मिळते: दोन किंवा जास्त माणसांच्या घरात प्रत्येकी पहिल्या १,००० युनिटांवर २५ टक्के सूट. गोझोला येण्याआधी आम्ही वर्षभर मुख्य बेटावर एका फ्लॅटमध्ये होतो. तिथल्या घरमालकाने आम्हाला नोंदवलंच नव्हतं आणि आम्ही वर्षभर चढ्या दराने पैसे भरले. ते पैसे परत मिळाले नाहीत. सिन्युरांनी पहिल्याच आठवड्यात स्वतः कागद पुढे करून आमची दोघांची नावं घालून घेतली. हे झालं नसेल तर डीह्युमिडिफायर चालवताना प्रत्येक रात्री मन खात राहतं, आणि मग लोक तो बंद ठेवतात आणि कपडे बुरशीला देतात.

यंत्राच्या खोड्या आता. टाकीची मूठ पातळ आणि मधोमध नाही, त्यामुळे भरलेली टाकी बाहेर ओढताना पाणी हमखास हिंदकळतं. खाली फडकं ठेवावंच लागतं. टाकी भरल्यावर होणारा आवाज बंद करायची सोय नाही. पहाटे चार वाजता तो अलार्म दगडी खोलीत घुमतो. यावर उपाय म्हणजे मागच्या भोकाला नळी लावून ती न्हाणीत सोडायची, पण नळीला उतार हवा, म्हणजे यंत्र स्टुलावर. आम्ही आता तसंच ठेवतो. वीज जाऊन आली की यंत्र स्वतःहून सुरू होत नाही, बटण दाबावं लागतं. आठवडाभर भारतात गेलो असताना हे घडलं आणि परत आलो तेव्हा कपाटाला तोच जुना वास. गोल बटणवाली साधी यंत्रं वीज आल्यावर पुन्हा चालू होतात. आता घ्यायचं झालं तर मी तसलंच घेईन, टचचं नाही. यंत्राच्या पडद्यावरचा आर्द्रतेचा आकडाही हायग्रोमीटरपेक्षा पाच-सहाने कमी असतो. यंत्र स्वतःच्या भोवतीची कोरडी हवा मोजतं, खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्याची नाही. मी त्याला ५० वर लावते तेव्हा पलंगाजवळ ५६ असतो, आणि मला तेवढंच हवं असतं. त्याखाली नेलं तर ओठ फुटतात आणि जुन्या लाकडी दारांना चिरा जातात.

जाळी मात्र दर पंधरा दिवसांनी धुवा. श्लोकानंतर लगेच धुवा. त्या लाल धुळीने जाळी अशी बुजते की यंत्र धापा टाकतं आणि पाणी अर्ध्यावर येतं.

मोठी मर्यादा थंडीची. कॉम्प्रेसरवालं यंत्र हवा गार नळ्यांवरून नेतं आणि पाणी तिथे जमतं. खोलीच गार असली, १२-१३ अंशांच्या खाली, तर त्या नळ्यांवर बर्फ धरतो आणि यंत्र दर थोड्या वेळाने पाणी काढायचं सोडून बर्फ वितळवत बसतं. फेब्रुवारीतल्या काही रात्री आमच्या टाकीत सकाळी दोन लिटरसुद्धा नव्हते. राबातला आमच्या ओळखीचं एक मल्याळी जोडपं आहे, दोघंही नर्स. त्यांच्याकडे दुसऱ्या जातीचं आहे, आत पाणी शोषणारं चाक असलेलं. ते थंडीतही तसंच काम करतं, हलकं आहे, आणि खोलीत ऊबदार हवा सोडतं. त्यांच्या खोलीत बसलं की फरक जाणवतो. पण ते ६५० वॅट खातं, आमच्या दुप्पट. त्या दोघांच्या पाळ्या असतात, खोली दिवसा झोपायलाही लागते, त्यांना ते परवडतं. तळमजला असेल, उत्तरेकडे तोंड असेल, एसी नसेल तर तसलंच घ्या. आमच्यासारखी वरची खोली असेल, संध्याकाळी तासभर एसी लागत असेल, तर कॉम्प्रेसरवालं बरं. आमचं यंत्रसुद्धा खोली दीड-दोन अंशांनी गरम करतं, आणि कोरडी हवा तेवढ्याच तापमानाला कमी बोचते.

ज्या कामासाठी मी ते घेतलं नव्हतं आणि जे आता रोज करून घेते, ते म्हणजे कपडे वाळवणं. इथे सगळे गच्चीवर वाळत घालतात. पण जानेवारीत दुपारी तीनला ऊन उतरतं आणि समुद्रावरचा वारा सुटला की वाळलेले कपडे पुन्हा चिकट होतात. मशीनभर ओल्या कपड्यांतून दोनेक लिटर पाणी हवेत जातं. छोट्या खोलीत दोरी बांधली, दार लावलं, यंत्र मध्ये ठेवलं की सहा तासांत जीन्ससुद्धा कोरडी. त्याच खोलीत मी आता दोन महिन्यांतून एकदा मसाल्याचे डबे झाकण काढून ठेवते. गेल्या वर्षी आईने पाठवलेले पोह्याचे पापड त्या खोलीत पत्र्याच्या डब्यात मे महिन्यापर्यंत कुरकुरीत राहिले.

निघालेलं पाणी पिण्याचं नाही, ते यंत्राच्या नळ्यांवरून आलेलं असतं. पण त्यात क्षार जवळजवळ नसतात. इथल्या नळाला येतं त्यातला मोठा भाग समुद्राचं पाणी गोडं करून मिळवलेला असतो, तरी किटलीत पांढरे थर बसतातच. म्हणून इस्त्रीत, लादी पुसायला आणि कुंड्यांना मी हेच वापरते. जून ते ऑगस्ट बेटावर पाऊस जवळपास नसतो. तेव्हा एक बादली पाण्याची किंमत कळते. सिन्युरांच्या अंगणात एक लिंबाचं झाड आहे. हे पाणी त्याला चालेल का, असं सुरुवातीला मी संकोचत विचारलं, तर त्या भांडं पुढे करून उभ्या राहिल्या. त्या लिंबांचं लोणचं मी गेल्या वर्षी घातलं आणि त्याला बुरा आला नाही.

घ्यायचं तर सप्टेंबरच्या अखेरीस घ्या. नोव्हेंबरचा पहिला श्लोक येऊन गेला की दुकानांतली चांगली यंत्रं संपलेली असतात. पावती जपून ठेवा, युरोपीय कायद्याने विकणाऱ्याची जबाबदारी दोन वर्षांची असते. आमचा पंखा अठराव्या महिन्यात खरखरू लागला तेव्हा पावती होती म्हणून फुकट बदलून मिळाला, फक्त यंत्राविना अकरा दिवस काढावे लागले. नवं फ्लॅटचं घर असेल, दक्षिणेचं ऊन येत असेल, दुहेरी काचा असतील, तर आधी ९ युरोचा हायग्रोमीटर लावून महिनाभर बघा. आकडा ६५च्या खाली राहत असेल तर पैसे वाचवा. जुनं दगडी घर असेल तर विचार करत बसू नका. मी पाचात सव्वाचार देते. पाऊण गुण टाकीच्या मुठीचा, पहाटेच्या अलार्मचा आणि वीज गेल्यावर गप्प बसण्याचा.

पैठणी मय्यिस्त्रालच्या एका दुपारी गच्चीवर सावलीत पसरली, मऊ ब्रशने उलट्या बाजूने झाडली, मग सुट्टीत पुण्याला नेऊन जाणकाराकडून स्वच्छ करून आणली. दोन मोरांवर पुसट ठिपके राहिलेत. ती आता छोट्या खोलीतल्या कपाटात असते, यंत्रापासून चार हातांवर, आणि दर महिन्याला मी तिची घडी मोडून बदलते. गेल्या दिवाळीत नेसले होते.